लोणी गप्प होतं तेव्हा

"तुमचं लोणी करपतंय."

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. आणि बोलला तेही बेकरीतल्या भट्टीच्या पोटातून. कमरेपर्यंत आत शिरलेला, बाहेर नुसते दोन पाय आणि गुडघ्यांवर काळे डाग पडलेली पँट. माणसाचा चेहरा मी अजून धड पाहिलाही नव्हता, आणि हा मला माझ्याच कामाच्या खोलीत शिकवणार!

"तुम्ही भट्टी बघा," मी म्हणाले. "लोण्याचं माझं मी बघते."

"बघा ना. करपतंय म्हणून सांगितलं."

मी चमच्याने फेस बाजूला सारला. खाली काळाकुट्ट गाळ. गॅस बंद केला, पातेलं उचलून खिडकीत आदळलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचं डोकं भट्टीत होतं ते बरं.

खरं तर त्याने यायचंच नव्हतं. आमचे नेहमीचे म्हातारे मिस्त्री त्या आठवड्यात कंबर धरून बसले होते, म्हणून त्यांनी आपल्या हाताखालचा हा धाडला. त्यांची कंबर धडधाकट असती तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

मी पातेलं घासलं, पुसलं, नवं लोणी घेतलं. बाहेर पाऊस लागला होता, खिडक्या सगळ्या बंद. मी शेगडीशी वाकले, लायटर उचलला... आणि कोणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

"ठेवा तो खाली."

"अहो, हे काय..."

"आधी खाली ठेवा."

तेवढ्यात बाहेर दुकानातून मावशीचा आवाज आला, "मिस्त्री, गॅसचा वास येतोय हो इथपर्यंत!"

"नळीतला उरलासुरला आहे, मावशी! मुख्य चावी बंद आहे. खिडक्या उघडतो!" तो ओरडून म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे. भुवईवर राख, गालावर काजळीचा फराटा आणि डोळे एकदम गंभीर. त्याने खिडक्या सताड उघडल्या. पावसाचे शिंतोडे थेट ओट्यावर आले. मग तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुम्हाला वास येत नाही त्याला."

दोन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. विचारू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते. मी कोणाचा एक शब्द ऐकून घेणारी नाही, दुकानातली गिऱ्हाइकं मला मिरची म्हणतात. पण त्या माणसासमोर माझी जीभच लुळी पडली.

"दोन महिने," मी म्हणाले.

दोन महिन्यांपूर्वी मला ताप आला होता. आठ दिवस अंथरुणात होते. नवव्या दिवशी उठले तर कोणीतरी जगावर ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं होतं. साबणाला वास नाही, फळांना नाही, पावसाला नाही. जिभेला नुसतं गोड, नुसतं खारट कळायचं, त्याच्या पुढचं काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल परत. किंवा नाही येणार. वाट बघा." मी वाट बघत होते. सगळ्यात वाईट काय झालं ठाऊक आहे? मावशीची एक जुनी लोकरी शाल आहे. मला आई आठवत नाही, मी वाढले ती मावशीच्या त्या शालीत तोंड खुपसून. तापातून उठल्यावर पहिल्यांदा ती शाल नाकाशी धरली. नुसती लोकर टोचली.

आणि आमचं तर पोटच नाकावर. मावशीची बेकरी छोटीशी, पण बदामाच्या होड्यांसाठी लोक दोन गल्ल्या सोडून येतात. त्या छोट्या केकना खरं फ्रेंच नाव आहे, पण ते कोणाच्या जिभेवर बसत नाही. साचा होडीसारखा लांबोळका, म्हणून होड्या. बदामाचा नाहीतर हेझलनटचा कूट, साखर, चिमूटभर मैदा, अंड्यातलं पांढरं, वर एखादी चेरी किंवा अंजिराची फोड. पण जीव असतो तो लोण्यात. लोणी तपकिरी होईपर्यंत कढवायचं. मावशी म्हणायची, "भाजलेल्या बदामासारखा वास आला की उचल. त्याआधी कच्चं, त्यानंतर कडू. मधे एक श्वास आहे, तेवढाच आपला." पातेलं मावशीच्या यजमानांच्या वेळचं, बुडाशी काळं झालेलं. वर फेस. डोळ्यांना काही दिसत नाही. पातेलं बदललं असतं तर मावशीने लगेच विचारलं असतं, का म्हणून.

मावशीचे गुडघे गेल्या वर्षी पार गेले. मग एके दिवशी तिने मला पातेल्यापाशी उभं केलं, स्वतः दुकानातल्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "आता तुझं नाक, तुझं दुकान." एवढंच. पण हे एवढंच ऐकायला मी पंधरा वर्षं भांडी घासली होती.

मग करपट होड्या निघायला लागल्या तेव्हा मी काय सांगणार? मी सांगितलं, भट्टी बिघडली. खालून जास्त तापते.

हे सगळं मी त्या मिस्त्रीला उभ्या उभ्या, कुजबुजत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग वळून भट्टीच्या दारावर हात ठेवला.

"हिच्यात काही दोष नाही," तो म्हणाला. "मी आतून बाहेरून बघितली. कोणी बसवली ही?"

"काकांनी. मावशीच्या यजमानांनी. एकेक वीट स्वतः लावली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मावशी रोज सकाळी हिच्यावर हात ठेवते, मगच दुकान उघडते."

"आणि तुम्ही हिच्यावर आळ घेतलात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग काय करू? सांगितलं तर मावशी उद्या काठी टाकून पातेल्यापाशी उभी राहील! तिचे गुडघे... आणि मी काय करायचं मग? मला दुसरं काही येत नाही हो."

शेवटचं वाक्य ठरवून बोलले नव्हते. निघून गेलं तोंडातून.

पावसाने ओटा भिजत होता, आम्ही दोघंही पुसत नव्हतो.

"मला बारा वर्षं झाली या कामात," तो शेवटी म्हणाला. "कुठल्याच भट्टीबद्दल मी खोटं बोललो नाही."

"एकदाच बोला. फक्त थोडे दिवस. नाक परत येईल माझं."

"आणि नाही आलं तर?"

तो हात पुसत दुकानात गेला आणि मला आतून ऐकू आलं, "मावशी, थर्मोस्टॅट म्हातारा झालाय. दर मंगळवारी येऊन बघावं लागेल." माझा जीव भांड्यात पडला. परत येताना तो माझ्याशेजारी थांबला. "दोन अटी. गॅस गळला की बोंबलणारा एक भोंगा मी इथे लावणार. आणि मंगळवारी मी म्हणेन ते करायचं. वाद नाही."

"वाद घालत नाही मी कधी," मी म्हणाले.

तो पहिल्यांदा हसला. काजळीच्या फराट्यातून दात एकदम पांढरेशुभ्र दिसले.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकान बंद झालं, मावशी वर जाऊन आडवी झाली, तेव्हा तो आला. पेटीतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक भट्टीला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला.

"भट्टीच्या आत काय चाललंय ते मला दिसतं?"

"नाही."

"वास येतो?"

"नाही."

"मग मी पोट कशावर भरतो?" त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाशी धरला. आत कुठेतरी खोल, एकसारखी घरघर चालली होती, झोपलेल्या माणसासारखी. "हा बर्नर. नीट आहे. बिघडला असता तर खोकला असता. आता लोणी ठेवा."

"लोण्याला स्क्रूड्रायव्हर लावू?"

"लोण्याला नुसते कान लावा. आणि जरा गप्प बसा. जमेल?"

नाही जमलं. पहिल्या दिवशी तीन पातेली वाया गेली. आधी मोठी तडतड होते, तो म्हणाला, ते पाणी निघून चाललंय. मग ती बारीक होत जाते, कोणी शेजारच्या खोलीत कुजबुजावं तशी. आणि मग...

"काही ऐकू येत नाही," मी डोळे मिटून म्हणाले.

"तेच तर. गप्प झालं ते. आता पाणी संपलं, आता रंग धरेल. अकरा मोजा आणि उचला."

"बारा का नाही?"

"वाद नाही म्हणालो होतो."

मी मोजले, उचललं, ओतलं. कच्चं! त्याने वाटीत बघून मान हलवली. "तुमचे अकरा सातातच संपतात. कुठे गाडी पकडायची आहे?" मी त्याच्या अंगावर फडकं फेकलं. त्याने ते झेललं, घडी घातली आणि दांडीवर नीट वाळत टाकलं. असा माणूस. त्याच्याशी भांडायलाही मजा येईना.

पण मंगळवारची मी वाट बघायला लागले, हेही सांगून टाकते. सोमवारी संध्याकाळीच केस धुवायचे. मावशी म्हणायची, "उद्या काय आहे गं?" मी म्हणायची, "काही नाही, मैदा उडतो केसांत." मैदा काय फक्त सोमवारी उडत होता?

लोणी कढेपर्यंत मी त्याला त्रास द्यायची. "आज चेरीचा वास कसा आहे?"

तो वाटीवर वाकायचा, कपाळाला आठ्या घालून विचार करायचा. "लाल."

"वासाला रंग असतो का?"

"मग... शाळेच्या दप्तरात फळ विसरलं आणि दोन दिवसांनी दप्तर उघडलं तर..."

"शी!"

"नाही नाही, चांगला. गोड, पण मागून जरा आंबूस. चिडल्यासारखा." मग खाली बघत, "तुमच्यासारखा."

"आणि हेझलनटचा?"

"पेन्सिलीला नवं टोक काढल्यावर येतो ना, तसा. पण गरम पेन्सिल."

असं तो मला एकेक करून सगळं परत आणून द्यायचा. ओल्या शटरचा वास, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. नव्या मैद्याचा, कोऱ्या वहीसारखा. त्याच्याजवळ शब्द फार नव्हते. होते तेवढे तो घासूनपुसून वापरायचा. आणि एका मंगळवारी, का कोण जाणे, मी वर जाऊन मावशीची शाल घेऊन आले.

"हिचा सांगा."

शालीकडे बघून तो बावरला. "मावशींची आहे. मी कसा..."

"मला आठवेनासा झालाय," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

त्याने हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. मग शाल घेतली, डोळे मिटले आणि नाकाशी धरली. किती वेळ गेला कोण जाणे. शेगडीवर लोणी तडतडत होतं.

"लोणी आहे," तो हळू म्हणाला. "साधा अंगाचा साबण. आणि... दुधाच्या गरम पातेल्यावरचं झाकण उचललं की तोंडावर वाफ येते ना, ती. आजारी असताना कोणीतरी जवळ बसलेलं असावं, तसं काहीतरी. मला नीट सांगता येत नाहीये."

नीटच सांगितलं होतं त्याने. अगदी तसाच होता तो वास. मी ओट्याला धरून रडले. हुंदके देऊन, नाक ओढत, अगदी कशीतरी. तो माझ्या खांद्याला हात लावायला आला आणि लावू की नको, लावू की नको करत तिथेच उभा राहिला. त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. आधी नुसती गंमत होती.

रडणं ओसरल्यावर मी विचारलं, "आणि माझा? माझा वास कसा आहे?"

त्याचे कान लाल झाले. "तो... सांगेन कधीतरी."

"का? वाईट आहे?"

"लोणी गप्प झालंय," तो म्हणाला. "मोजा."

मी अकरा मोजले. खरेखुरे, सावकाश अकरा. ओतलं तर वाटीत सोनेरी तपकिरी, तळाशी बारीक बेरी. त्या दुपारच्या होड्या मावशीने खाल्ल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं. अशा."

त्यानंतर एकदाही लोणी करपलं नाही. भाजणं मी घड्याळावर लावलं, कढवणं कानावर. मला वाटलं, सुटले. थर्मोस्टॅट आता बरा झाला म्हणून सांगू, आणि कोणाला काही कळायचं नाही.

मग एका बुधवारी सकाळी मावशी खुर्चीतून म्हणाली, "मी नवी भट्टी मागवलीये. शनिवारी मिस्त्री ही मोकळी करतील, सोमवारी नवी येईल."

माझ्या हातातला साचा खाली पडला. "अगं पण... आता तर छान होतायत होड्या!"

"मिस्त्री दर आठवड्याला हात लावतात म्हणून. म्हाताऱ्या माणसाला किती दिवस सलाईनवर ठेवायचं?" तिने मला जवळ बोलावलं, माझ्या हातावरचं पीठ झटकलं. "तीन महिने तुझा चेहरा बघतेय मी. रात्रंदिवस कष्ट करतेस आणि हिच्यापायी नाव तुझं खराब होतं. तुझ्या काकांनाही हेच पटलं असतं बघ. वस्तूपेक्षा पोर मोठी."

तिने रागावून सांगितलं असतं तर सोसलं असतं. ती समजूत घालत होती माझी.

मी मिस्त्रीला फोन केला. तो दुपारी धावत आला, पण आत येऊन भट्टीजवळच उभा राहिला.

"मला फोन आलाय मावशींचा," तो म्हणाला. "तोडायला मलाच बोलावलंय."

"नाही म्हणा!"

"मग दुसऱ्याला बोलावतील. तो घण घालेल. मी निदान एकेक स्क्रू काढेन."

"काहीतरी सांगा ना तिला. म्हणावं, दुरुस्त झाली, ठणठणीत आहे..."

"पुन्हा मीच बोलू?" त्याचा आवाज चढला नाही, पण असा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता. "एकदा बोललो तुमच्यासाठी. तेव्हापासून रोज घरी जाताना वाटतं, काय केलं आपण. ही भट्टी बिचारी इतके दिवस नीट चाललीये. आणि मी तिला मरायला टेकलेली ठरवली."

"मग सांगून टाका खरं. मोकळे व्हा."

"नाही. शब्द दिलाय. गुपित तुमचं आहे, सांगायचं तर तुम्ही." तो दारापर्यंत गेला, थांबला. "तुम्हाला वाटतं, नाक गेलं म्हणजे तुम्ही गेलात. मी दर मंगळवारी ऐकतोय तुम्हाला. तुमच्यात काही बिघडलेलं नाही."

आणि गेला. मी त्याच्यामागे दार लावायलाही गेले नाही.

शनिवारपर्यंत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. मावशीला चहा द्यायला गेले, नाही जमलं. तिचे गुडघे चोळताना तर ते गुडघे बघूनच नाही जमलं. सांगितलं की ती म्हणेल, "ऊठ, मी बघते." आणि मी पुन्हा भांडी घासायला.

शनिवारी तो वेळेवर आला. जमिनीवर कागद पसरला आणि पेटीतले लोखंडी पाने मांडायला लागला. छोटा, त्याच्याहून मोठा, त्याच्याहून मोठा. मांडून झाल्यावर पुन्हा उचलून पुसले. पुन्हा मांडले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पण मला कळत होतं तो काय करतोय ते. वेळ काढत होता माझ्यासाठी. शेवटी पुसायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने दाराच्या पहिल्या स्क्रूला हात घातला.

"थांबा जरा," मावशी म्हणाली.

ती काठी टेकत आत आली. भट्टीच्या दारावर नेहमीसारखा हात ठेवला. आज नुसता ठेवला नाही, फिरवला. "जा बाई आता," ती भट्टीला म्हणाली. "पुष्कळ केलंस. शेवटी शेवटी मी तुला फार बोलले, मनात ठेवू नकोस."

"मावशी." मी म्हणाले. "तिच्यात काही बिघाड नाही. कधीच नव्हता. बिघाड माझ्यात आहे."

तिने वळून बघितलं.

"मला वास येत नाही. तापापासून. काहीच येत नाही गं, तुझ्या शालीचासुद्धा नाही. लोणी मी करपवत होते. नाव हिचं घेतलं."

मिस्त्री पाना हातात धरून उभा राहिला. "मीही खोटं बोललो, मावशी," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट उत्तम आहे."

मावशी सावकाश स्टुलावर बसली. मला वाटलं होतं ओरडेल. नाही ओरडली.

"तीन महिने," ती म्हणाली, "रोज सकाळी मी हिला बोल लावला. ज्याने बांधली त्याला मनातल्या मनात नावं ठेवली, की काय बांधलंस हे. आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस?"

"हो."

"आणि तीन महिने एकटी रडत होतीस?"

याला मला हो म्हणता आलं नाही. मान हलवली.

"आणि तुम्ही!" ती मिस्त्रीवर घसरली. "चांगला घोड्याएवढा बाप्या! हिला अक्कल नाही, तुम्हाला तरी?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हणे." तिने डोळे पुसले, काठी आपटली. "पण मग गेले पंधरा दिवस लोणी कोण कढवतंय?"

"मीच. कानाने."

"कशाने?"

मी सांगितलं. तडतड, कुजबुज, गप्प, अकरा. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी पायांनी कणीक मळते म्हणून सांगितलंय.

"कढव," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर." आणि स्टूल फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसली. "मी बघणार नाही. मी माझ्या नाकाने सांगेन, तू तुझ्या कानाने. बघू."

मी पातेलं ठेवलं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला, इतक्या हळू की कागदसुद्धा वाजला नाही. मी डोळे मिटले. तडतड सुरू झाली. माझ्या छातीतली धडधड तिच्यात मिसळत होती, एकेक वेगळं करून ऐकावं लागत होतं. मग बारीक झाली. मग आणखी बारीक. बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला, मेल्याला आत्ताच वाजवायचा होता! मी श्वास धरला. गप्प झालं.

एक. दोन. मावशी हलली नाही. सात. माझा जुना घाईचा स्वभाव म्हणत होता, उचल. आठ. नऊ. दहा.

"झालं!" मी म्हणाले.

"झालं!" मावशी म्हणाली.

एकाच वेळी. मी पातेलं उतरवलं आणि डोळे उघडले. मावशीची पाठ हलत होती. ती वळली नाही, भिंतीकडेच बघत म्हणाली, "मीच तर भरवून ठेवलं होतं तुझ्या डोक्यात. नाक म्हणजे दुकान. मूर्ख बाई मी." मग काठी टेकून उठली, भट्टीपाशी गेली आणि तिच्या दारावर कपाळ टेकवून उभी राहिली. मी आणि मिस्त्री बाहेर दुकानात जाऊन थांबलो.

नवी भट्टी परत गेली. माझं नाक मात्र परत आलं नाही, अजूनही नाही. मावशी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जे सांगायचं ते भट्टीला सांगायची. "तिला म्हणावं, साचे घासायचे राहिलेत." "तिला म्हणावं, जेवून घे, चेहरा बघ कसा झालाय." चौथ्या दिवशी आपली शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "वास नसला तरी ऊब येते ना?" येत होती.

पण मंगळवारी मिस्त्री आला नाही.

येणार कसा? भट्टी ठणठणीत. भोंगा लावलेला. लोणी मला जमत होतं. त्याला यायला आता काही कारण उरलं नव्हतं, आणि बिनकारणाचं पाऊल टाकणारा तो माणूस नव्हता. दुसऱ्या मंगळवारीही आला नाही. मी सोमवारी धुतलेले केस बुधवारी रागारागाने करकचून बांधले. अंजिराचा कसा वास येतो हे सांगायला कोणी नव्हतं. मी ते नाकाशी धरलं, ठेवून दिलं.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी मी फोन उचलला. काय सांगणार होते, माहीत आहे? भट्टी खोकतेय म्हणून सांगणार होते. जिभेच्या टोकावर होतं. समोर भट्टी होती, तिच्याकडे बघितलं आणि शब्द गिळले.

"हॅलो," तो म्हणाला. "काय झालं? काय बिघडलंय?"

"काही नाही. भट्टी ठणठणीत आहे." मी डोळे मिटले. "तरी या."

पलीकडे काही ऐकू येईना. आता मला गप्प होण्याचा अर्थ कळतो, म्हणून मी मोजत थांबले. पाचावरच तो म्हणाला, "आलो."

आला तो पेटी न घेता. हातात काही नाही, त्यामुळे ते ठेवायचे कुठे हे त्याला कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, ओट्यावर ठेवले. धुतलेला शर्ट, कपाळावर राख नाही. मला तर तो अर्धवटच वाटला राखेशिवाय. मी लोणी चढवलं होतं, उगीच काहीतरी हातांना असावं म्हणून.

"दोन मंगळवार," मी म्हणाले.

"काय म्हणून येणार होतो? मिस्त्री बोलावल्यावर येतो."

"मी मिस्त्रीला नाही बोलावलं."

त्याने वर बघितलं. "मग?"

"तुम्ही माझं एक उत्तर द्यायचं बाकी ठेवलंत. कधीतरी सांगेन म्हणालात. माझा वास कसा आहे?"

त्याचे कान लाल झाले, अगदी त्या दिवशीसारखे. पण या वेळी त्याने नजर वळवली नाही. "मंगळवारसारखा," तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचत नाही. बाकीचे सहा दिवस मी भट्ट्यांत डोकं घालतो, काजळी असते, गंज असतो. आणि मधेच कुठेतरी वाटतं, आहे, इथेच आहे... पण नसतो. मंगळवारी इथे येतो, दार उघडतो, आणि असतो." तो थांबला. "मी दोन आठवडे फार वाईट घालवले हो."

मला काय काय बोलायचं होतं! पाठ करून ठेवलेलं एक अक्षर आठवेना. मी त्याचे ते कुठे ठेवावेत न कळणारे दोन्ही हात हातात घेतले. खरखरीत, गरम.

"मग बाकीचे सहा दिवसही या ना," मी म्हणाले. "बिनपेटीचे."

"मावशी?"

"ती भट्टीशी बोलून घेईल."

तो हसला. मी हसले. मग दोघंही हसायचे थांबलो आणि तसेच उभे राहिलो, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्याचं नाक शाबूत होतं. माझे कान शाबूत होते. दोघांनाही काही कळलं नाही.

"अगं ए!" वरून, बंद दाराआडून, मावशी ओरडली. "तुमचं लोणी करपतंय!"